तपासणीला दार का उघडत नाही?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत दरवर्षी एक ठरावीक विधी पार पडतो. महानगरपालिका अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ शहर भागातील उपकरप्राप्त इमारतींची पाहणी करून आपली स्वतंत्र यादी प्रसिद्ध करते. जिन्याच्या भिंतींवर नोटिसा चिकटतात आणि रहिवाशांनी घरे तातडीने रिकामी करावीत, असे आवाहन वर्तमानपत्रांतून छापून येते. मग पाऊस सुरू होतो. एखाद्या रात्री कोठेतरी चार मजल्यांचा ढिगारा होतो, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते आणि चौकशी बसते. इमारत धोकादायक असल्याचे सर्वांना ठाऊक होते, हा त्या चौकशीचा निष्कर्ष जवळजवळ ठरलेलाच असतो.

या विधीत एका प्रश्नाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यादीत नाव येण्यापूर्वी कोणी तरी ती इमारत तपासलेली असते. तो अभियंता किती खोल्यांच्या आत जाऊ शकला? ज्या खोल्यांची दारे बंद राहिली त्यांच्याविषयी अहवालात काय लिहिले गेले? गिरगाव, काळबादेवी, लालबाग, माझगाव या भागांतील जुन्या भाड्याच्या इमारतींत वावरलेल्या कोणालाही हे चित्र अपरिचित नाही. मालकाने नेमलेला अभियंता येतो. काही बिऱ्हाडे कामावर गेलेली असतात, काही खोल्यांना वर्षानुवर्षे कुलूप असते आणि काही दारे अर्धवट उघडून पुन्हा लावून घेतली जातात. अखेरीस जिना, गच्ची, सज्जे आणि उघड्या सापडलेल्या चार खोल्या पाहून तो परत जातो. अहवाल मात्र संपूर्ण इमारतीचा तयार होतो.

कायदा काय मागतो?

तपासणी ही कोणाच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे ज्या इमारतीच्या वापराला ३० वर्षे पूर्ण झाली आहेत, तिची तपासणी पालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालक किंवा भोगवटादार यांच्यावर बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. तथापि संस्थेत मालक व रहिवासी एकच असल्याने तेथे वाद झाला तरी तो घरातला वाद असतो. भाड्याच्या इमारतीत तपासणी करवून घेणारा एक आणि दार उघडणारा दुसरा. खरी अडचण तेथून सुरू होते.

आतून पाहणे कशासाठी, असा प्रश्न भाडेकरू विचारतात. तो अप्रस्तुत नाही. परंतु त्याचे उत्तर बांधकामाच्या स्वरूपातच आहे. मुंबईच्या कित्येक जुन्या चाळींचा सांगाडा लाकडी आहे. तुळईचे टोक भिंतीत जेथे बसते तेथे, आणि विशेषतः मोरीलगत, ओल मुरून लाकूड आतल्या आत कुजते. बाहेरून रंगाचा थर शाबूत दिसतो. पुढच्या काळातील सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि गळतीने आतील सळ्या गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला तडे जातात. यातले पुष्कळसे घराघराच्या छतात, मोरीत आणि कपाटांमागे दडलेले असते. सज्जातून हातोडी मारून ते कळत नाही.

शिवाय एका खोलीतील दोष त्या खोलीपुरता राहत नाही. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीच्या १८व्या मजल्यावरील एका घरात गॅसचा स्फोट झाला. गॅसच्या जोडणीतील एक सदोष भाग त्यास कारण ठरला. त्या धक्क्याने भार पेलणारी भिंत निखळली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. ज्या घरात स्फोट झाला तेथील भाडेकरू स्त्री वाचली. इतर ४ जण प्राणास मुकले. इतक्या दूरचे उदाहरण नको असेल तर मुंबईचेच घ्यावे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जणांचा बळी गेला. वर पालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती, तर तळमजल्याची जागा व्यवसायासाठी भाड्याने दिलेली होती. तेथे झालेल्या फेरबदलांचा मुद्दा चौकशीत पुढे आला. या इमारतीची मालक खुद्द महानगरपालिका होती. इतरांना नोटिसा देणाऱ्या घरमालकालाच आपल्या तळमजल्यावर काय चालले आहे, हे वेळीच पाहता आले नाही.

अविश्वासाची मुळे

इतके असूनही दार का उघडत नाही? भाडेकरू अडाणी आहेत, हटवादी आहेत, फुकटात राहायला सोकावले आहेत, असे उत्तर तयार असते. ते सोपे आहे, पण पुरेसे नाही. घर कोसळले तर पहिला बळी आपलाच जाणार, हे भाडेकरूला अभियंत्याने सांगावे लागत नाही. तरीही तो दार लावून घेतो, कारण कोसळण्याच्या भीतीपेक्षा दुसरी एक भीती त्याला अधिक जवळची वाटते.

ही भीती अहवालाच्या परिणामांची आहे. पालिकेच्या वर्गवारीत इमारती चार प्रकारांत मोडतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करून पाडावयाची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडण्याजोगी. सी-२ब म्हणजे रहिवासी असतानाच दुरुस्त करता येण्याजोगी आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. कागदावर ही प्रतवारी निव्वळ तांत्रिक आहे. पण ज्याच्या नावावर दोनशे चौरस फुटांची खोली आहे, त्याच्या दृष्टीने सी-२ब आणि सी-१ यांतील अंतर घर असणे आणि नसणे यांतील अंतर असते. सी-१ ठरलेल्या इमारतीचे पाणी व वीज तोडता येते आणि पोलिसांच्या साहाय्याने रहिवाशांना बाहेर काढता येते. भाडेनियंत्रण कायद्यातही स्थानिक संस्थेने पाडण्याचा आदेश दिला असणे, हे मालकाला जागेचा ताबा मागण्याचे एक कारण आहे. साहजिकच मालकाने नेमलेला, मालकाकडून मानधन घेणारा अभियंता दारात उभा राहिला, की भाडेकरूला त्याच्या हातातील हातोडीत आपल्या बेदखलीचा हुकूम दिसू लागतो.

ही शंका प्रत्येक वेळी खरी असते असे नाही. पण ती हवेतूनही आलेली नाही. एकाच इमारतीविषयी मालकाच्या अभियंत्याचा अहवाल 'पाडा' म्हणतो आणि भाडेकरूंच्या अभियंत्याचा अहवाल 'दुरुस्त करा' म्हणतो, हा अनुभव इतका नित्याचा आहे की अशा परस्परविरोधी अहवालांचा निवाडा करण्यासाठी पालिकेला तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागते. त्यातच संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांच्या कहाण्या प्रत्येक चाळीत ठाऊक असतात. काही वर्षांसाठी म्हणून गेलेल्यांची मुले तेथेच लहानाची मोठी झाली. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असताना नोटिशीवर कोण विश्वास ठेवील? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण ठार झाले. ती धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झालेले होते, काही कुटुंबे हललीही होती. काही मात्र मागे राहिली होती.

मालकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत ते योग्यच होते. पण तात्पुरती म्हणून केलेली ही व्यवस्था अर्धशतक टिकली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर आलेल्या १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. महिना ३०० रुपये भाड्याच्या खोलीत ही वाढ पहिल्या वर्षी दरमहा १२ रुपयांची होते. जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम १४ने मालकावर टाकली आहे. त्याने नोटिशीनंतर १५ दिवसांत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूंना ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र त्याला वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाची मर्यादा आहे. ३०० रुपये भाड्याच्या खोलीसाठी ही रक्कम वर्षाला ९०० रुपये भरते. वीस खोल्यांची चाळ धरली तरी १८,००० रुपये. एवढ्यात गच्चीची डागडुजीही पुरी होणार नाही. म्हणजे दुरुस्तीचे कर्तव्य आहे, दुरुस्तीचा हक्क आहे. पण दोहोंमागे पैसा नाही. अशा स्थितीत मालकाला दुरुस्तीपेक्षा पाडकाम अधिक फायद्याचे वाटले आणि भाडेकरूला तपासणीपेक्षा बंद दार अधिक सुरक्षित वाटले, तर दोघांच्याही वागण्यात एक दुर्दैवी तर्कशुद्धता आहे, हे मान्य करावे लागेल.

एका वाक्याचा कायदा

दार उघडण्याविषयी कायदा अगदीच गप्प आहे असे नाही. १९९९च्या कायद्याचे कलम २८ सांगते की पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा मालकाला अधिकार आहे. पण पूर्वसूचना किती दिवसांची? लेखी की तोंडी? भाडेकरू कामावर असेल तर दुसरा दिवस कोणी व कसा ठरवावयाचा? त्याने नकारच दिला तर पुढची पायरी कोणती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाहणीत जे आढळले ते भाडेकरूला कळविण्याचे बंधन कोणावर? या प्रश्नांची उत्तरे त्या कलमात नाहीत. प्रवेशाचा अधिकार मालकाला मिळाला. जे दिसले ते जाणून घेण्याचा भाडेकरूचा अधिकार त्याच्या जोडीला बसविला गेला नाही.

ज्या देशाच्या कायद्यांवरून येथील भाडेकायद्यांची भाषा घडली, त्या इंग्लंडने या बाबतीत पुढची वाट चोखाळली आहे. तेथे १९८५च्या कायद्याप्रमाणे घराची स्थिती पाहण्यासाठी मालकाला किमान २४ तासांची लेखी पूर्वसूचना द्यावी लागते. १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार भाड्याच्या घरातील गॅसच्या उपकरणांची दर १२ महिन्यांच्या आत तपासणी व्हावी लागते आणि तिच्या नोंदीची प्रत २८ दिवसांत भाडेकरूच्या हाती द्यावी लागते. भाडेकरूने दार उघडले नाही तर कुलूप फोडण्याची मुभा मालकाला नाही. त्याने पुनःपुन्हा प्रयत्न करावा, पत्रे लिहावीत, प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवावी आणि अखेरीस न्यायालयात जावे, अशी अपेक्षा आहे. २०२२च्या अग्निसुरक्षा नियमांतही ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींतील घरांच्या अग्निरोधक दारांची वर्षातून एकदा तपासणी सांगताना, प्रवेश न मिळाल्यास कोणते प्रयत्न केले याची नोंद ठेवण्याचे बंधन घातले आहे.

तेथे सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ नाही. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये सामाजिक गृहसंस्थेच्या घरातील बुरशीमुळे दोन वर्षांच्या एका बालकाचा मृत्यू झाला. वडिलांनी तक्रारी केल्या होत्या, पाहणीही झाली होती. दुरुस्ती मात्र झाली नव्हती. त्या आघातातून आलेले नियम सामाजिक गृहसंस्थांच्या घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. धोकादायक ओल व बुरशीची तक्रार आल्यास १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी आणि ती संपल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत निष्कर्षांचा लेखी गोषवारा भाडेकरूला, असा क्रम त्यांत आहे. नुसते दार उघडून भागत नाही, दाराआत दिसलेल्या गोष्टीचे पुढे काय करावयाचे तेही बांधून घ्यावे लागते, हा धडा त्या देशाला एका बालकाचा जीव गमावून मिळाला. मुंबई-ठाण्याने तर त्यासाठी कितीतरी अधिक किंमत मोजली आहे.

या प्रश्नाची दुसरी, नेमकी उलटी बाजू अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी, बदलीच्या गावी गेलेला शिक्षक, उपनगरात खोली घेतलेला कारकून यांना दार लावून घेण्याची सोयच नसते. मालकाकडे दुसरी किल्ली असते आणि तपासणीच्या नावाखाली तो केव्हाही येतो. पाहुणे कोण आले, चुलीवर काय शिजते, येथपर्यंत त्याची नजर पोहोचते; गळका नळ आणि उघडी वायर मात्र तिला दिसत नाही. कलम २८ परवान्यावर दिलेल्या जागांनाही लागू आहे, म्हणजे पूर्वसूचना व वाजवी वेळ यांचा हक्क या मंडळींनाही आहे. पण तो मागितला तर बाराव्या महिन्यात करार नवा होणार नाही, ही धास्ती त्यांना गप्प बसविते. जुना भाडेकरू तपासणीला भितो, तर नवा भाडेकरू तपासणी मागायला भितो. दोघांच्या भीतीचे मूळ एकच आहे. घर टिकणे आणि घर सुरक्षित असणे या दोन गोष्टी त्यांच्यासमोर पर्याय म्हणून ठेवल्या गेल्या आहेत.

तपासणी आणि बेदखली

यातून बाहेर पडावयाचे तर तपासणी आणि बेदखली यांची गाठ सोडवावी लागेल. कायद्यात ती वाटते तितकी घट्ट नाहीच. धोकादायक इमारतींवरील कारवाईसंबंधीच्या कलम ३५४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की अशा कारवाईने मालक, भाडेकरू व भोगवटादार यांच्या परस्परांतील हक्कांना, पुन्हा ताबा मिळण्याच्या हक्कासह, बाध येत नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरार संपत नाही, असा निर्वाळा दिला आहे. दुःख इतकेच की जिन्यात चिकटविलेल्या नोटिशीत 'घर रिकामे करा' हे ठळक अक्षरांत असते आणि 'तुमचा हक्क अबाधित आहे' हे वाक्य भाडेकरूला वकिलाकडून ऐकावे लागते.

तेव्हा सुधारणेची सुरुवात त्या नोटिशीपासूनच व्हावी. तपासणीची सूचना लेखी असावी, ती निदान आठवडाभर आधी मिळावी, तीत अभियंत्याचे नाव व नोंदणी असावी आणि नोकरदारांसाठी रविवारचा किंवा संध्याकाळचा पर्याय असावा. तपासणीच्या वेळी भाडेकरूंचा प्रतिनिधी, आणि त्यांनी नेमल्यास त्यांचा अभियंताही, हजर राहू शकावा. दोन्ही अभियंत्यांनी एकाच दिवशी एकच भिंत पाहिली, तर पुढचे निम्मे तंटे समितीपर्यंत जाणारच नाहीत. प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ व भोगवटादाराचे नाव त्याच वेळी मोजून, लिहून, उभयतांच्या सह्यांनी नोंदवावे. घर सोडण्याची पाळी आलीच तर तो कागद भाडेकरूच्या खिशात असेल. अहवालाची प्रत मराठीत प्रत्येक बिऱ्हाडाला ठरावीक मुदतीत मिळावी. ज्या खोल्या पाहता आल्या नाहीत त्यांची यादी अहवालात द्यावी आणि त्यांच्यासाठी दुसरी, तिसरी तारीख देऊनही दार न उघडल्यास पालिकेच्या अधिकाऱ्यासमक्ष प्रवेशाचा आदेश न्यायालयाकडून झटपट मिळण्याची सोय असावी. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. दुरुस्तीच्या पैशांचा प्रश्न स्वतंत्र व अधिक अवघड आहे. परंतु दोष कोठे व किती आहे हेच ठाऊक नसेल, तर पैसा असूनही तो योग्य भिंतीवर खर्च होणार नाही.

या साऱ्यात भाडेकरूंचेही एक कर्तव्य आहे आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मालकावरचा अविश्वास कितीही सकारण असला, तरी बंद दाराचा धोका मालकाला पोहोचत नाही. तो बहुधा दुसरीकडे कोठे तरी राहत असतो. तो धोका पोहोचतो खालच्या मजल्यावर झोपलेल्या शेजाऱ्याला आणि वरच्या मजल्यावर अभ्यास करीत बसलेल्या त्याच्या मुलाला. आपल्या मोरीतील ओल ज्या तुळईत मुरते, तीच तुळई त्यांचेही छत आणि त्यांचीही जमीन पेलत असते. म्हणून तपासणीला नकार हा एका बिऱ्हाडाचा खाजगी हक्क मानता येणार नाही. अहवाल मागावा, साक्षीदार ठेवावा, आपला अभियंता उभा करावा, मोजमाप लिहून घ्यावे. पण दार उघडावे.

मात्र हे आवाहन करण्याचा नैतिक अधिकार शासनाला व पालिकेला तेव्हाच राहील, जेव्हा दार उघडणाऱ्याला त्याची शिक्षा होणार नाही याची हमी त्यांच्या सहीनिशी त्याच्या हातात पडेल. दरवर्षी मे महिन्यात याद्या प्रसिद्ध करणे सोपे आहे. येत्या मे महिन्यात यादीबरोबर ही हमीही त्याच जिन्याच्या भिंतीवर, तितक्याच ठळक अक्षरांत लावली गेली, तर पावसाळ्यापूर्वीच्या या विधीला प्रथमच काही अर्थ येईल.